माठ तापला की भासरे खाकरायचे

कोणतंही काम एकाच माणसाच्या भरवशावर सोडायचं नाही, हा माझा नियम आहे. मी ज्या कॉलेजच्या कार्यालयात काम करते तिथे कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे असतात, आणि घरी दुसरं सिलिंडर कायम भरलेलं असतं. त्यामुळे मुलाच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, यादी करून फ्रीजवर लावली तेव्हा एकच ओळ डोळ्यात खुपत राहिली. मंडप, खुर्च्या, पाटवडी, भात, जिलबी, प्रत्येकापुढे दोन नावं होती. लांब रोटीपुढे एकच: जाऊबाई. मी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि दुपारी खोडलं, कारण जाऊबाई आमच्या फ्रीजमधून विरजण न्यायला येतात.

लांब रोटी आमच्या नागपूरची. तिच्यात यीस्ट नाही, सोडा नाही, दहीसुद्धा नाही. गव्हाचं पीठ, मीठ आणि पाणी. पीठ मैद्याच्या चाळणीने चाळायचं, पोळीच्या कणकेपेक्षा बरंच सैल भिजवायचं आणि मोठ्या परातीत आपटत, ओढत, उपसत राहायचं, ते रबरासारखं ताणू लागेपर्यंत. चुलीवर मातीचा माठ पालथा घालायचा. पोळपाट-लाटण्याचं इथे काम नाही. ओल्या हातावर गोळा घेऊन तो या हातावरून त्या हातावर असा झुलवायचा, की आपल्याच वजनाने तो लांबत जातो आणि मनगटापासून ढोपरापर्यंत, म्हणजे कोपरापर्यंत, पसरतो. मग एका झोक्यात माठाच्या पाठीवर टाकायचा. झोका चुकला की रोटी फाटते. झोका जमला तर ओढणीसारखी पातळ रोटी उतरते.

सासूबाईंनंतर हा झोका आमच्या घराण्यात एकट्या मोठ्या जाऊबाईंकडे होता. मी काटोलची. आमच्याकडे पोळ्या, भाकरी आणि शेतात गेलो तर गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे. जाऊबाईंना सगळे नातेवाईक ‘रोटीवाली काकू’ म्हणूनच ओळखतात. पत्रिकेत नाव छापायचं राहिलं तरी त्या एक वेळ सोडून देतील. पण कुणी कार्याला बाहेरून रोटी आणली, तर त्या माणसाचं पुढची दोन-तीन लग्नं काही खरं नसतं.

सासऱ्यांच्या प्लॉटवर दोन भावांनी दोन घरं बांधली. पुढचं आमचं, मागचं त्यांचं. मध्ये आंगण, आंगणात टिनाच्या शेडखाली चूल. दोन्ही घरांची मागची-पुढची दारं त्या आंगणात उघडतात, म्हणजे कोणाकडे काय शिजतं हे लपत नाही. लपत नाही असं मला तोवर वाटत होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं होतं. नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरे. त्यांच्यासमोर धाकट्या सुनेने बसायचं नाही, थेट बोलायचं नाही, ते आले की आत जायचं, अशी जुनी रीत. मी स्कूटीवर ऑफिसला जाते, प्राचार्यांशी वाद घालते, पण भासऱ्यांशी एवढ्या वर्षांत समोरासमोर एक वाक्य बोललेले नाही. मला कोणी सक्ती केली नाही. नवी नवरी असताना हात डोक्यावरच्या पदराकडे गेला तो आजही ओढणीकडे जातो. तेही रीत पाळतात. आंगणात येण्याआधी खाकरतात. ते खाकरले की मी आत.

आता संशय कुठून सुरू झाला ते. दिवाळीच्या आधी जाऊबाईंनी माझ्या मुलासाठी आपल्या भाचीचं स्थळ सुचवलं होतं. मुलाने नाही म्हटलं. जाऊबाई म्हणाल्या, “बरं.” एवढंच. जी बाई डाळीतल्या मिठावर अर्धा तास बोलते ती नुसतं ‘बरं’ म्हणून उठून जाते, तेव्हा आपण सावध व्हावं. त्यानंतर मुलाने पसंत केलेल्या मुलीची मंडळी कळमेश्वरहून घर पाहायला आली. मुलगीही सोबत होती. निघताना तिला कुंकू लावायचा मान मोठ्या सुनेचा. जाऊबाईंनी करंडा माझ्या हातात दिला.

“तूच लाव.”

सगळ्यांसमोर. मी लावलं, हसले, आणि ही गोष्ट डोक्यात ठेवून दिली.

त्याच दिवशी मुलीच्या आजोबांनी पाटवडीच्या रश्शासोबत रोटी पुन्हा पुन्हा मागून घेतली होती. म्हणाले, “साक्षगंधाले हेच पाहिजे बाप्पा. त्या हॉलवाल्याची चामड्यासारखी रोटी नोको.”

“देतो ना,” जाऊबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या पटकन त्या कशालाच हो म्हणत नाहीत. भाचीला नाकारणाऱ्या घरचं कार्य, व्याह्यांची पहिली पंगत, आणि पंगतीचा मुख्य पदार्थ एकट्या त्यांच्या हातात. ऐन दिवशी ‘डोकं दुखते वं’ म्हणून त्या पलंगावर पडल्या, तर मी काय करणार होते?

मी दुसऱ्याच रविवारी त्यांच्या दारात गेले.

“ताई, मले रोटी शिकवा.”

“तुले काहून शिकायची आहे? मी मेली का?”

“मदतीले म्हणून म्हणतो.”

“मदतीले लाकडं फोड.”

पण त्या शिकवायला तयार झाल्या. म्हणजे तयार झाल्यासारखं दाखवलं. आंगणात खुर्ची टाकून बसल्या, मांडीवर शाल, दोन्ही हात शालीत. पीठ मी मळत होते.

“आपट. अजून आपट. नवऱ्यावरचा राग काढ.”

“पाणी कितीक टाकू?”

“मागन तितकं.”

“मागते हे कसं समजते?”

“समजते.”

अशा उत्तरांनी माझं डोकं फिरतं. किती वाट्या, किती वेळ, असं विचारलं की त्या आकाशाकडे पाहायच्या. तरी पीठ जमलं. बोटाने उचललं की तार सुटत होती, हे त्यांनीही मान्य केलं. चुलीत बाभळीची लाकडं धडधडत होती. मी माठावर पाण्याचे थेंब उडवले, ते चर्र करून उडाले.

“आता दाखवा,” मी म्हटलं.

जाऊबाईंनी चुलीजवळचा चिमटा घेऊन बादलीवर दोनदा आपटला. राख झाडली असेल असं मला वाटलं. तेवढ्यात मागच्या घराच्या दारातून खाकरणं आलं. मी ओढणी सावरून आत गेले. बऱ्याच वेळाने जाऊबाईंची हाक आली, “ये वं, झालं.” बाहेर आले तर टोपल्यात रोट्यांची चवड, चुलीतली लाकडं बाहेर ओढलेली, आणि जाऊबाई खुर्चीवर, हात शालीत.

“मी पाहणार होतो ना ताई.”

“मंग गेली कशाले?”

मी परात धुवायला घेतली.

पुढच्या खेपेला तेच. पीठ, माठ, थेंब, चिमटा बादलीवर, खाकरणं. त्या वेळी मी चिमट्याकडे नीट लक्ष दिलं. त्याला राख लागलेलीच नव्हती.

मग मी घरी एकटीने करून पाहिली. गॅसवर कढई पालथी घातली, पीठ त्यांनी सांगितलं तसंच. पहिली रोटी हातावरच फाटली. दुसरी कढईवर पडली ती नकाशासारखी, मध्ये तलाव. तिसरी माझ्या ढोपराला चिकटली. नवरा दारात उभा राहून पाहत होता.

“हे काय करून राहिली?”

“ताईनं सांगितल्यासारखंच करून राहिलो. त्या काहीतरी लपवतात.”

“वहिनी काय लपवतीन गा?” मग त्याला आपण बायकोला, पुरुषाला म्हणतात तसं, गा म्हटल्याचं लक्षात आलं. “काय लपवतीन वं?”

नवरा गडबडला की त्याचं बोलणं असं घसरतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो टीव्ही लावायला गेला. हेही मी डोक्यात ठेवून दिलं.

लपवण्यासारखं काय असू शकतं, याचा मी ऑफिसला जाता-येता विचार केला. पिठात काही घालत असतील? रोटीला तसा वास नव्हता. मला मुद्दाम अर्धवट शिकवत असतील, म्हणजे साक्षगंधाच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडावं? शक्य होतं. मग एका संध्याकाळी त्यांच्याकडून आलेली रोटी वाढताना माझा हात थांबला. तिची घडी. कडेला कड लावलेली, कोपऱ्यावर कोपरा, दुकानातल्या साडीसारखी. जाऊबाईंनी आयुष्यात कधी अशी घडी घातलेली नाही. त्यांच्या कपाटाचं दार उघडलं की साड्या अंगावर येतात.

ही रोटी त्यांच्या हातची नव्हती.

इतवारीच्या बाजूला एका गल्लीत संध्याकाळी बायका रस्त्याकडेला माठ लावून रोट्या विकतात. मी स्कूटी तिकडे वळवली. पहिल्याच चुलीपाशी बसलेल्या बाईला विचारलं, “मावशी, ठेंगणी, जाड चष्म्याची एक बाई येते का तुमच्याकडे रोट्या न्यायले? सोबत पितळेचा डबा असन.”

तिने रोटी माठावर टाकली, मग माझ्याकडे पाहिलं. “तुमी कोण? पोलीस?”

“नाही हो. तिची जाऊ.”

“मंग तं सांगतच नाही.”

शेजारच्या चुलीवरची हसली. “पोलीस पुरला वं, जाऊ नाही पुरत.”

“आली का नाही, एवढंच सांगा.”

“हे पाय बाई, माह्याकडून जे रोटी नेते ते घरी आपल्याच हातची म्हणून वाढते. मी नावं सांगत बसली तं माहा धंदा बसन. घेऊन राहिली का रोटी? नाही तं सरक, गिऱ्हाईक उभे आहेत.”

मी एक रोटी घेतली आणि घरी येऊन उलगडली. तिची घडी घाईची, चौघडी, एक कड बाहेर. आमच्या टोपल्यातली ती नव्हती. म्हणजे इथूनही नाही. मग कुठून? आंगणातल्या चुलीला तर धूर येत होता, माठ तर तापत होता. माझ्या पाठीमागे, मी आत गेल्यावर, त्या आंगणात कोणी तरी येत होतं.

पुढच्या रविवारी मी ठरवूनच गेले. पीठ मळलं, झाकून ठेवलं, माठ तापवला. थेंब चर्र झाले. जाऊबाईंचा डावा हात चिमट्याकडे गेला. डावा. बादलीवर दोनदा आवाज. खाकरणं.

मी हलले नाही.

“जाय ना वं आत,” जाऊबाई म्हणाल्या.

“नाही जात.”

“भासरे येऊन राहिले तुझे.”

“येऊ द्या. मी बाजूले उभी राहतो. आज रोटी पाहिल्याबिगर जात नाही.”

पुन्हा खाकरणं, या वेळी जरा मोठं. भासरे दाराशी आले, मला उभी पाहिली, आणि उंबऱ्यावरच थांबले. मी ओढणी कपाळापर्यंत ओढली आणि जमिनीकडे बघत तशीच उभी राहिले.  माठ तापत होता. रिकामा माठ फार तापला की तडकतो, हे मलाही माहीत होतं. एक लाकूड फटकन फुटलं तेव्हा आम्ही तिघंही दचकलो.

“हट्टी आहे लेकाची,” जाऊबाई पुटपुटल्या. त्या खुर्चीवरून उठल्या, हात ओले केले, परातीतून गोळा उचलला.  डाव्या हातावरून गोळा उजव्या हातावर आला. झोका द्यायला उजवा हात वर जायला हवा होता. तो छातीपर्यंत गेला आणि तिथेच अडकला, जाम झालेल्या खिडकीसारखा. जाऊबाईंनी दात आवळले. पीठ हातावरून सुटलं, अर्धं माठावर पडलं, अर्धं निखाऱ्यांत. जळक्या पिठाचा वास आंगणभर झाला.

त्यांनी पुन्हा हात ओले केले. पुन्हा गोळा उचलला.

“बस झालं,” भासरे दारातून म्हणाले. मग चपला काढून आंगणात उतरले. माझ्याकडे न पाहता, भिंतीकडे तोंड करून, ते बायकोला म्हणाले, “तिले सांग, जराशी सरक म्हणा. धूर तिच्याकडेच जाऊन राहिला.”

मी सरकले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, हात पाण्यात बुडवले आणि गोळा घेतला. भासरे बुटीबोरीच्या कापडाच्या कारखान्यात होते, निवृत्त होईपर्यंत कापड तपासत, घड्या पाहत. त्यांच्या हातावर ते पीठ तसंच लोंबत, झुलत खाली आलं, डाव्यावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर, एका झोक्यात माठाच्या पाठीवर, एकही सुरकुती नाही. रोटीवर फोड येताच त्यांनी ती बोटांनी सोडवली, उलटली, उतरवली, आणि घडी घातली. कडेला कड. कोपऱ्यावर कोपरा.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला.

“कधीपासून?” मी जाऊबाईंना विचारलं.

“दसऱ्यापासून खांदा आखडला. वेणी घालता येत नाही, कपाळापर्यंत हात जात नाही. मंग मी सांगत गेली, हे रोटी टाकत गेले.”

तेव्हा करंड्याचा उलगडा झाला. समोर उभ्या असलेल्या मुलीच्या कपाळापर्यंत त्यांचा हात पोचलाच नसता.

“डॉक्टरले दाखवलं?”

“दाखवलं. व्यायाम सांगितला.”

“करता?”

“तू मले नोको शिकवू.”

“मले काहून नाही सांगितलं? मी इकडं हजार गोष्टी मनात आणून राहिलो.”

“तुले सांगितलं असतं तं तू दुसऱ्या दिवशी रोटीवाली बाई ठरवली असती. ते फ्रीजवरचं माझं नाव खोडून.” त्यांनी शाल पुन्हा ओढून घेतली. “रोटी गेली तं माह्यापाशी राहिलं काय वं या घरात? घर तू चालवते, पैसे तू आणते, लग्न तुझ्या पोराचं. अन् लोक काय म्हणतीन? बाईनं म्हाताऱ्याले चुलीपाशी बसवलं. त्याहिले कोणी पाहिलं तं त्याहिची इज्जत अन् माही रोटी, दोन्ही गेली.”

भासरे पाठमोरे, दुसरी रोटी झुलवत होते. ऐकू आलं नाही असं दाखवत होते.

त्यांनी माझ्याबद्दल सांगितलं ते खरं होतं. मी बाई ठरवली असती, दुसऱ्या दिवशीही नाही, त्याच दिवशी.

पुढच्या घरी आले तर नवरा सोफ्यावर.

“तुम्हाले माहीत होतं.”

“काय?”

“रोटी कोण करते ते.”

“रोटी खाऊन राहिलो होतो. कोण करते ते कशाले विचारू?”

“म्हणजे माहीत होतं.”

“दादानं म्हटलं होतं, तुले सांगायचं नाही.”

“मलेच?”

“तुलेच.”

त्याच्याशी मी दोन दिवस कामापुरतंच बोलले. संशय तर घराबाहेर घेऊन फिरत होते, इतवारीपर्यंत, आणि गुपित माझ्या सोफ्यावर बसून टीव्ही पाहत होतं.

साक्षगंध जवळ आलं होतं आणि माझा नियम बदलला नव्हता. काम एकावर सोडायचं नाही, मग ते एकटे भासरे का असेनात. फ्रीजवरच्या ओळीत जाऊबाईंच्या नावाखाली मी माझं नाव लिहिलं. तिसरं नाव लिहिलं नाही. आणि रोज ऑफिसमधून आल्यावर आंगणात जाऊन उभी राहू लागले. शिकवणी अशी चालायची. भासरे भिंतीला सांगत, जाऊबाई मला सांगत, मी जाऊबाईंना विचारत, त्या भासऱ्यांना विचारत.

“तिले सांग, ढोपर अंगापासून दूर ठेव म्हणा.”

“ढोपर दूर ठेव.”

“ताई, विचारा ना, पीठ घसरून राहिलं तं?”

“पीठ घसरते म्हणते.”

“हात कोरडे झाले असतीन.”

“हात कोरडे झाले तुझे.”

“ऐकलं मी, ताई.”

“मंग मले कशाले मधात घेऊन राहिले तुमी दोघं? पोस्टमन आहे का मी?”

पण मधात तर घ्यावंच लागायचं. रोटी फाटायची, मग कमी फाटायची, मग एक दिवस एक आख्खी उतरली. जाड होती, एका टोकाला पोळीसारखी. जाऊबाईंनी तोडून खाल्ली आणि म्हणाल्या, “खाऊन घेतीन. भूक लागली असन तं.”

साक्षगंधाच्या दिवशी मंडपवाल्याकडून मी एक जास्तीचा पडदा मागवून आंगणातल्या शेडला चारी बाजूंनी लावून घेतला. धूर पाहुण्यांकडे जायला नको, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटंही नव्हतं. आत भासरे माठापाशी, मी पिठाशी आणि घडीशी. टोपलं भरलं की जाऊबाई डाव्या हातावर घेऊन बाहेर जायच्या आणि पंगतीतून आवाज यायचा, “वा काकू!” पडद्याआड भासऱ्यांचा चेहरा घामाने भिजलेला होता. त्यांचा नवा कुर्ता खुंटीला, अंगात जुना सदरा. बाहेर कोणीतरी विचारत होतं, “मोठे भाऊ कुठं गेले?” आणि माझा नवरा सांगत होता, “काटोलचे पाहुणे बसस्टँडवर उतरले, त्याहिले घ्यायले गेले.” काटोलचे पाहुणे, म्हणजे माझं सगळं माहेर, समोरच जेवत बसलं होतं. गडबडला होता म्हणजे.

कुंकवाच्या वेळी मी हात धुऊन बाहेर गेले होते. मुलीला पाटावर बसवलं आणि जाऊबाईंना तिच्यापुढे उभं केलं. म्हणजे त्यांना हात वर न्यायचाच नव्हता. त्यांनी करंडा घेतला, मला एकदा पाहिलं, आणि कुंकू लावलं. जरा वाकडं लागलं.

मग पुन्हा पडद्याआड. शेवटची पंगत चालू असताना मला पडद्याखालून जोडे दिसले. पॉलिश केलेले, जुन्या पद्धतीचे. मुलीच्या आजोबांचे. ते हात धुवायला मागे आले होते. पडद्याची फट नेमकी माठाच्या समोर होती. भासरे रोटी झुलवत होते, हात हवेत, डोळे पिठावर. त्यांना काही दिसत नव्हतं. मी पुढे होऊन फट धरायला हवी होती, पण माझ्या दोन्ही हातांवर रोटी होती. जोडे तिथेच होते. मग ते वळले.

त्यानंतर निरोपापर्यंत माझं कशात लक्ष लागलं नाही. त्यांनी पाहिलं होतं की नव्हतं? पाहिलं तर गाडीत बसून काय सांगतील? मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. पान खाल्लं, कोणाशी तरी पावसापाण्याचं बोलले. भासरे तोवर नवा कुर्ता घालून, काटोलच्या पाहुण्यांना घेऊन आल्यासारखे पुढच्या दारी येऊन उभे होते. आजोबांनी त्यांना नमस्कार केला, हात हातात घेतला, आणि कुर्त्याच्या बाहीखाली पाहिलं. मनगटाच्या वर सुकलेलं पीठ होतं.

“भाऊ, थोडं लागून राहिलं,” ते म्हणाले, आणि नखाने ते खरवडून काढलं.

मग जाऊबाईंकडे वळून मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ताई, रोटी एक नंबर. तुमच्या हातची रोटी खायले आता येतच राहू.”

गाड्या गेल्या. मी जाऊबाईंना बाजूला घेतलं. “ताई, त्याहिनं पाहिलं.”

“पाहिलं असन.”

“मंग तसं काहून बोलले? टोमणा तं नाही ना?”

“तुले टोमणा वाटला?”

“मले समजून नाही राहिलं.”

“सगळं समजलंच पाहिजे का वं तुले?” असं म्हणून त्या पडद्याच्या दोऱ्या सोडायला लागल्या, डाव्या हाताने. मी उजव्या बाजूच्या सोडल्या.

अजूनही मला नक्की सांगता येत नाही, ते आजोबा आमची लाज झाकत होते की लक्षात ठेवत होते. व्याही आहेत. मी लक्ष ठेवून आहे.

आम्ही पडदा घडी करत होतो तेव्हा भासरे आंगणात आले. खाकरले नव्हते. विसरले असावेत, दमले होते. मी ओढणीकडे हात नेला आणि जागची हलले नाही. परातीत तळाला थोडं पीठ उरलं होतं, ते त्यांनी बोटाने उचलून पाहिलं. तार सुटली.

“तिले सांग,” ते भिंतीला म्हणाले, “पीठ बरं होतं.”

“ती तुमच्यापासून चार हातावर उभी आहे,” जाऊबाई म्हणाल्या. “तुमीच सांगा.”

भासऱ्यांनी माझ्या दिशेने पाहिलं, म्हणजे माझ्या शेजारच्या बादलीकडे. मग ते खाकरले, आणि या वेळी तेच आत गेले.